साखर फुटण्याआधी

1895 साली कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनजवळ एक नवी पेठ वसू लागली. शाहू महाराजांच्या हाती कारभार येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. संस्थानात पिकणाऱ्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळावी, हा ती वसवण्यामागचा हेतू होता. मिरजेहून कोल्हापूरला येणारी आगगाडी 1891 सालीच सुरू झाली होती. पेठेला शाहूपुरी नाव पडले, व्यापारी येऊन स्थिरावले, अडती उभ्या राहिल्या आणि पंचगंगेच्या खोऱ्यातला गूळ गुजरातपर्यंत जाऊ लागला.

माल दूर जाऊ लागला की त्याची परीक्षाही कडक होते. गावच्या आठवडी बाजारात विकायचा गूळ जरा मऊ निघाला तरी खपून जातो. डब्यातून, मग वखारीतून, मग पावसाळ्यातून पार पडायचे असेल तर तो टणक, कणीदार आणि कोरडा राहायला हवा. काही गुळाला महिन्याभरात पाणी सुटते, काही वर्षभर दगडासारखा राहतो. एकाच गावचा, एकाच जातीच्या उसाचा, एकाच गुळव्याने केलेला गूळ एकदा उत्तम उतरतो आणि पुढच्या आठवड्यात बसतच नाही. असे का होते?

त्याच दहा वर्षांत युरोपातले रसायनशास्त्रज्ञ नेमक्या याच कोड्याच्या मुळाशी पोहोचत होते. 1890 साली इंग्लंडात, 1894 साली बर्लिनमध्ये, 1897 साली ट्यूबिंगनमध्ये एकामागून एक शोधनिबंध निघाले. त्यांच्यापुढे गूळ नव्हता, पण पदार्थ तोच होता: उसाची साखर. प्रश्नही तोच होता: ही साखर फुटते कशी, आणि कोणामुळे? उत्प्रेरक आणि विकरे, म्हणजे एन्झाइम, यांचे आजचे सगळे शास्त्र ज्या प्रयोगांवर उभे आहे, त्यांतले अनेक महत्त्वाचे प्रयोग उसाच्या साखरेवर झालेले आहेत. कोल्हापूरकरांना ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. सांगायला हवी.

साखरेचा एक रेणू दोन भागांचा बनलेला असतो. एक ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज, आणि दोघांमध्ये ऑक्सिजनचा एक सांधा. पाण्याचा एक रेणू त्या सांध्यात शिरला की साखर दुभंगते आणि दोन्ही भाग सुटे होतात. फुटलेली साखर चवीला गोडच लागते, उलट किंचित जास्त गोड. पण तिचे स्फटिक सहजी बनत नाहीत, ती हवेतली ओल ओढून घेते आणि तापवली की लवकर काळवंडते. गुळाला कणी येते ती न फुटलेल्या साखरेमुळे. फुटलेल्या साखरेचे प्रमाण वाढले की गूळ मऊ पडतो, पाघळतो. साखर कारखान्यात तर फुटलेली साखर पोत्यात येतच नाही, ती मळीबरोबर निघून जाते.

आता गंमत अशी की साखर शुद्ध पाण्यात विरघळवून साध्या हवामानात ठेवली, जंतू आत शिरू दिले नाहीत, तर तिचा निम्मा भाग फुटायला शेकडो वर्षे लागतील. पाणी तिच्या शेजारी आहे, फुटण्यात रासायनिक दृष्ट्या फायदाही आहे, तरी ती फुटत नाही. कोकणात उतरायचे तर आधी घाटमाथा चढावा लागतो, तसा या क्रियेच्या वाटेत ऊर्जेचा एक उंच चढ आहे. उत्प्रेरक तो घाट हटवत नाही. तो दुसरी, कमी चढाची वाट दाखवतो. कोकण जिथे आहे तिथेच राहते, कोल्हापूरही हलत नाही, प्रवासाचा वेळ मात्र बदलतो. आम्ल घातले की साखरेसाठी ही वाट खुली होते. विकर घातले तर ती आणखी खालून जाते.

ही वाट पहिल्यांदा मोजली ती हायडेलबर्गच्या लुडविग विल्हेल्मीने, 1850 साली. त्याच्या आधी, 1835 साली, स्वीडनच्या बर्झेलियसने अशा क्रियांना कॅटॅलिसिस हे नाव दिले होते. पण नाव देणे वेगळे आणि मोजणे वेगळे. विल्हेल्मीच्या हाती एक सुरेख साधन होते. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश जाऊ दिला की तो उजवीकडे वळतो, हे फ्रान्समध्ये बिओने तीसेक वर्षांपूर्वी दाखवले होते. साखर फुटली की ग्लुकोज प्रकाशाला उजवीकडेच वळवते, पण फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे ओढते. त्यामुळे सुरुवातीला उजवीकडे असलेला काटा हळूहळू शून्यावर येतो आणि पुढे डावीकडे सरकतो. विल्हेल्मीने साखरेच्या पाण्यात आम्ल घातले आणि ठरावीक वेळाने काटा वाचत बसला. त्याला दिसले की कोणत्याही क्षणी किती साखर फुटते, हे त्या क्षणी किती साखर शिल्लक आहे यावर ठरते. त्याने ते गणिताच्या समीकरणात मांडले. रासायनिक क्रियेच्या वेगाला गणितात बसवण्याचा हा पहिला प्रयत्न. पुढची तीसेक वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. जर्मनीच्या ऑस्टवाल्डने त्याचे मोल ओळखले आणि स्वतः निरनिराळ्या आम्लांनी साखर फोडून त्यांची ताकद मोजली. उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो आणि शेवटच्या पदार्थात स्वतः उरत नाही, ही आज पुस्तकांत दिसणारी व्याख्या ऑस्टवाल्डची. 1909 साली त्याला नोबेल मिळाले.

स्वान्टे अऱ्हेनियसचा 1889 सालचा प्रसिद्ध निबंधही आम्लाने उसाची साखर फुटण्याबद्दलच आहे. तापमान वाढले की क्रियेचा वेग कोणत्या नियमाने वाढतो, ते त्यात आहे. आम्लाने साखर फुटण्याच्या बाबतीत हा वेग तापमानाला विलक्षण संवेदनशील आहे. 30 अंशांच्या आसपास दर 10 अंश वाढीला तो साधारण चौपट होतो. 30 अंशांवरून 100 अंशांवर गेले तर हजारो पटींनी वाढतो. उकळत्या काहिलीपुढे उभ्या असलेल्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो, तो पाहायला गुऱ्हाळावर यावे लागते.

ऊस तोडल्यावर त्याचे वाढे छाटून जनावरांना टाकायचे, ही रीत जुनी. वाढ्याचा भाग पाणचट असतो आणि बुडखा गोड, हे लहान पोरालाही माहीत असते. कारण असे की उसाच्या शेंड्याला वाढ चालू असते. तिथल्या पेशींना साखर हवी असते ती फुटलेली, म्हणजे लगेच वापरता येणारी. म्हणून शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत साखर फोडणारे विकर, इन्व्हर्टेज, भरपूर असते. खालच्या पक्व कांड्यांत ते कमी होत जाते आणि साखर साठू लागते. ऊस पक्व होतो म्हणजे काय, तर हे विकर मागे हटते. गुळव्या वाढे नीट छाटा म्हणून ओरडतो तेव्हा, नाव न घेता, इन्व्हर्टेजच काहिलीबाहेर ठेवत असतो.

ऊस तुटला की चित्र पालटते. मूळ नाही, पाणी नाही, पण पेशी लगेच मरत नाहीत. कांडी सुकू लागते आणि मागे हटलेले विकर पुन्हा जोर धरते. त्यात कोयत्याच्या वाराने उघड्या पडलेल्या टोकांतून जंतू शिरतात. थंडीत हे सावकाश चालते, मार्च-एप्रिलच्या उन्हात भराभर. तोडलेला ऊस त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गाळावा, हा गुऱ्हाळाचा नियम यातूनच आला. बैलांच्या चरकावर दिवसभरात गाळप ते किती होणार, म्हणून तोडही तेवढीच. पुढे लोखंडी चरक आले, मग ऑइल इंजिन आले, आणि रस निघण्याचा वेग वाढला. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर या यंत्रांनी विकराला मिळणारा वेळ कापला.

मग रस काहिलीत पडतो. चुलवाणात चिपाडांचा जाळ लागतो, रस तापू लागतो आणि साठ-सत्तर अंशांच्या पुढे विकराचा घात होतो. विकर हे प्रथिन. उष्णतेने त्याची घडी उलगडली की ते निकामी होते. एक शत्रू संपला. पण उसाचा रस मुळात किंचित आंबट, त्याचा सामू (पीएच) पाचाच्या थोडा वर. म्हणजे आम्ल रसातच आहे, आणि आता तापमान शंभराकडे चालले आहे. विल्हेल्मीने काचेच्या नळीत जे पाहिले, तेच आता या भल्यामोठ्या काहिलीत, गार रसापेक्षा हजारो पट वेगाने सुरू होते. विकराने सोडलेले काम आम्ल हाती घेते.

गुळव्या इथे चुना घालतो. निवळी करून, बेताने, रसाच्या रंगाकडे पाहत. चुना आम्ल मारतो. सामू एकाने वर गेला की आम्लाने साखर फुटण्याचा वेग दहापट कमी होतो, इतके हे गणित सरळ आहे. पण चुना जास्त झाला तर आधीच फुटलेली साखर चुन्यात जळते आणि गूळ काळा पडतो. मधली जागा अरुंद आहे. ती सापडायला गुळव्याकडे सामू मोजायची पट्टी नव्हती. फेस कसा चढतो, मळी कशी फाटते, रस कसा निवळतो, यावर तो चालायचा. भेंडीची झाडे ठेचून पाण्यात भिजवायची आणि तो चिकट रस काहिलीत सोडायचा, म्हणजे गाळ त्याला धरून वर येतो आणि झाऱ्याने काढता येतो. भेंडीचे काम फक्त गाळ धरण्याचे, उत्प्रेरकाशी त्याचा संबंध नाही. पण मळी लवकर निघाली की जाळ मोठा करता येतो, रस कमी वेळ उकळतो, आणि साखर फुटायला वेळ मिळत नाही. सगळा खेळ शेवटी वेळेवरच येतो.

काकवी 105 अंशांच्या आसपास होते. गूळ उतरवायचा तो 118 अंशांच्या आसपास. त्या शेवटच्या टप्प्यात गुळव्या कोणाशी बोलत नाही. पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते का पाहतो, ती बोटांत दाबतो, भांड्यावर आपटून तिचा आवाज ऐकतो. मग एका इशाऱ्यासरशी काहील चुलवाणावरून निघते आणि पाक वाफ्यात ओतला जातो. दोन-चार मिनिटे चुकली तर आधणच्या आधण वाया. हे कौशल्य बापाकडून पोराकडे गेले. कोणत्याही विद्यापीठाने त्याची पदवी दिली नाही, आणि ते कौशल्य मोलाने पदवीपेक्षा कमी नाही.

1890 सालच्या त्या निबंधाकडे आता वळू. इंग्लंडातल्या बर्टन गावी, बिअरच्या भट्ट्यांच्या गावात, कॉर्नेलियस ओ'सुलिव्हन आणि फ्रेडरिक टॉम्सन यांनी यीस्टमधले इन्व्हर्टेज घेऊन त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. हे विकर यीस्टमधून वेगळे काढता येते, हे फ्रान्सच्या बर्टेलोने 1860 साली दाखवले होते. ओ'सुलिव्हन आणि टॉम्सन यांनी त्याची ताकद मोजली. स्वतःच्या वजनाच्या एक लाखपट साखर फोडून झाल्यावरही त्यांचे विकर शाबूत होते आणि आणखी काम करायला तयार होते. उत्प्रेरक खर्ची पडत नाही म्हणतात ते किती खरे आहे, याचे इतके ठसठशीत उदाहरण तोवर कोणी दिले नव्हते. उसाच्या कांडीत विकर किती आहे यापेक्षा त्याला किती तास मिळाले हे महत्त्वाचे का, त्याचेही उत्तर यातच आहे. थोडेसे विकर पुष्कळ वेळात सगळी साखर फोडू शकते.

1894 साली, म्हणजे शाहू महाराज गादीवर आले त्याच वर्षी, एमिल फिशरने कुलूप आणि किल्लीची प्रसिद्ध उपमा दिली. कोणते विकर कोणत्या साखरेवर चालेल हे रेणूच्या आकारावर ठरते, असे त्याने प्रयोगांवरून दाखवले. नुसत्या एका जोडाची दिशा बदलली तर यीस्टचे विकर त्या रेणूला शिवतही नाही. आम्लाचे तसे नसते. आम्ल समोर येईल ते फोडते. विकराची निवड चोख असते.

आणि मग एडुआर्ड बुखनर. त्याचा भाऊ हान्स म्युनिकमध्ये जंतुशास्त्रज्ञ होता आणि यीस्टमधली प्रथिने औषध म्हणून वापरता येतील का, हे पाहत होता. वाळूबरोबर यीस्ट घोटून, दाबयंत्रात पिळून त्याचा रस काढला जाई. तो रस लवकर नासे. टिकावा म्हणून त्यात भरपूर साखर घातली, आपल्याकडे मुरांब्यात घालतात तशी. रसातून बुडबुडे येऊ लागले. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेचे मद्य होत होते. 1897 साली बुखनरने ते छापले आणि पाश्चरच्या काळापासून चाललेला वाद मिटला. आंबवण्यासाठी जिवंत पेशीच हवी असे नाही. पेशीत बनलेली विकरे पेशीबाहेरही काम करतात. बुखनरला 1907 साली नोबेल मिळाले. आधुनिक जीवरसायनशास्त्राची सुरुवात अनेक इतिहासकार इथून धरतात.

शेवटची कडी 1913 सालची. बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेली डॉक्टर मॉड मेंटेन यांनी पुन्हा इन्व्हर्टेज आणि उसाची साखर घेतली. इंग्लंडच्या एड्रियन ब्राऊनने 1902 साली आणि पॅरिसच्या व्हिक्टर आन्रीने 1903 साली एक गोष्ट हेरली होती: साखर कितीही वाढवली तरी एका मर्यादेपुढे विकराचा वेग वाढत नाही. याचा अर्थ विकर साखरेला आधी धरते, मग फोडते, मग सोडते. सगळे विकर कामात गुंतले की आणखी साखर घालून उपयोग नसतो. मायकेलिस आणि मेंटेन यांनी प्रयोगभर सामू स्थिर ठेवला, आधीच्यांच्या मोजमापातल्या चुका काढल्या आणि एक समीकरण दिले. जगातल्या कोणत्याही औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आज ते रोज वापरले जाते. त्या समीकरणाचा जन्म उसाच्या साखरेत झाला.

इन्व्हर्टेज साखर धरते म्हणजे नेमके काय करते, तेही आता ठाऊक आहे. या प्रथिनाच्या घडीत एक खळगा असतो. त्यात आम्लधर्मी अमिनो आम्लांच्या दोन शाखा समोरासमोर असतात. साखरेचा रेणू आत बसला की एक शाखा सांध्यातल्या ऑक्सिजनला हायड्रोजन देते आणि सांधा सैल करते. दुसरी त्याच वेळी फ्रुक्टोजच्या बाजूला पकडते. ग्लुकोज सुटते. मग पाणी येते, फ्रुक्टोजही सुटते, आणि खळगा पुन्हा रिकामा. काहिलीतले आम्लही हायड्रोजनच देते, पण अंदाधुंद, आणि त्याला जाळाची मदत लागते. विकर हेच काम गार उसात, सावलीत पडलेल्या मोळीत करते.

कोल्हापुरात या शास्त्राची उपकरणे आली ती साखर कारखान्यांबरोबर. 1932 साली सरकारने आयात साखरेपासून देशी साखरेला संरक्षण दिले आणि देशभर कारखाने निघाले. कसबा बावड्यातला कोल्हापूर शुगर मिल्स हा त्याच दशकातला; पुढे तो छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना झाला. राधानगरीचे धरण, नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि उपसा योजना यांनी ऊस वाढवला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातल्यावर कोल्हापूरही मागे राहिले नाही. इचलकरंजीकडे रत्नाप्पा कुंभार आणि वारणेकाठी तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात कारखाने उभे करायला घेतले.

प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक पोलरीमीटर असतो. विल्हेल्मीने वापरला त्याच तत्त्वाचा. रसात साखर किती, हे तो प्रकाशाच्या वळणावरून सांगतो, आणि त्या आकड्याला कारखान्यात ‘पोल’ म्हणतात. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा राज्यात नेहमी वरचा, बारा टक्क्यांच्या आसपास राहत आला, त्यामागे जमीन, पाणी आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री आहेत. पण तोडीपासून गव्हाणीपर्यंतचे कमी अंतरही आहे, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो.

उसाला उशीर झाला की पोलसुद्धा फसवू शकतो. ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू आपल्या विकराने साखरेतले ग्लुकोज काढून त्याच्या लांब साखळ्या विणतो. त्या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात. त्याने रस गाळताना अडतो, पाक घट्ट होतो, स्फटिक लांबट आणि ओबडधोबड येतात. शिवाय डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेपेक्षा कितीतरी जास्त उजवीकडे वळवते. त्यामुळे साखर घटलेली असताना काटा ती जास्त दाखवतो. जळीत ऊस आणि पावसात भिजून राहिलेला ऊस यांच्याबद्दल कारखाने कुरकुर करतात, त्याचे एक कारण हे. त्यावर उपायही विकराचाच आहे: डेक्स्ट्रान तोडणारे डेक्स्ट्रानेज रसात घालतात. पंचगंगेच्या पुरात दिवसेंदिवस बुडालेल्या उसाचे निराळेच. त्याचा शेंडा कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटू लागतात, आणि त्या नव्या फुटव्यांना पोसायला उसातले इन्व्हर्टेज साठलेली साखर फोडायला घेते. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर शिरोळ आणि करवीरच्या शेतकऱ्यांनी असा ऊस डोळ्यांनी पाहिला.

याचा हिशेब रुपयांत होतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवली, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे. म्हणजे उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर टनाला 173 रुपये गेले. दरासाठी जयसिंगपूरच्या ऊस परिषदांत दरवर्षी भांडण होते, आणि ते व्हायलाच हवे. पण ट्रॉली कारखान्याच्या वाहनतळावर दोन-दोन दिवस उन्हात उभी राहते, तेव्हा त्याच दरातला एक भाग कोणी न मागता विकर घेऊन जाते. उतारा कारखान्याच्या सरासरीने धरला जातो, त्यामुळे एकाच्या वाळलेल्या उसाचा तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. ज्याचा ऊस, त्याला वजनातली घट सोसावी लागते ती वेगळीच.

जे विकर गुळव्याचा आणि साखर कारखान्याचा शत्रू, तेच आसवनीत मित्र ठरते. मळीत साखर असते, यीस्ट तिला थेट आंबवत नाही. आधी ते आपले इन्व्हर्टेज बाहेर सोडून साखर फोडते, मग बुखनरला दिसलेल्या विकरांची साखळी त्या तुकड्यांचे मद्यार्क करते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प 2001 साली सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या ठिकाणांत मिरजेचा डेपो होता. 2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला वाट मोकळी करून दिली. आता एकाच कारखान्याच्या आवारात एका बाजूला साखर फुटू नये म्हणून चुना आणि सामूची राखण चालते, तर दुसऱ्या बाजूला ती लवकर फुटावी म्हणून यीस्टची.

गुऱ्हाळे मात्र कमी होत गेली. कारखाना ऊस नेतो, तोड टोळी करते, पैसे बँकेत येतात. गुऱ्हाळाला मजूर मिळत नाहीत आणि गुळव्याची पोरे त्या कामात येत नाहीत. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रोसची पावडर आली. ती रंग उडवते, साखर फुटण्याशी तिचा काही संबंध नाही. गूळ टिकाऊ होण्यात तिचा वाटा शून्य आहे, आणि तिच्यामुळे गुळात उरणारा सल्फर डायऑक्साइडचा अंश 70 पीपीएमच्या वर गेला तर तो कायद्याने गुन्हा आहे. गिऱ्हाइकाने तपकिरी गुळाला पसंती दिली तर ही पावडर उद्या बंद होईल. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे अजून निघतात. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात गुळाला योग्य जाती आणि चुन्याचे प्रमाण यांवर काम चालते, ही दिलाशाची बाब.

बारावीच्या रसायनशास्त्रात विद्यार्थी साखर फुटण्याचे समीकरण पाठ करतात, आणि मायकेलिस-मेंटेनचे नाव पुढे पदवीला येते. पुस्तकातले उदाहरण कुठल्या देशातले आहे, असे त्यांना वाटत असेल कोणास ठाऊक. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना म्हणून एक विनंती. हंगामात करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर वर्ग घेऊन जा. आज तोडलेला ऊस आणि तीन दिवस उन्हात पडलेला ऊस, दोन्हींचा रस आणा, सामू मोजा, पोलरीमीटरवर लावा, चुना घालून पुन्हा मोजा, आणि जे आकडे येतील ते त्या गुळव्याला आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यालाही दाखवा.